औषधाचा शोध आणि परीक्षणाचा वेग

पश्चिम रेल्वेच्या ज्या मार्गावर वसई आणि विरार ही स्थानके आहेत, त्याच मार्गावर दक्षिणेस गोरेगाव आहे आणि उत्तरेस बोईसर. नवे औषध शोधून काढणे आणि शोधलेले औषध विपुल व स्वस्त करून देणे ही जी दोन निरनिराळी कामे भारतीय रसायनशास्त्राने स्वातंत्र्यानंतर अंगावर घेतली, त्यांपैकी पहिल्याचा एक महत्त्वाचा अध्याय गोरेगावी लिहिला गेला आणि दुसऱ्याचा एक मोठा मुलूख बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रात वसला. आणि या दोहोंच्या मध्ये, वसईच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूंच्या औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांतून, औषधनिर्मितीस लागणाऱ्या यंत्रांचे व सुट्या भागांचे काम चालू राहिले. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली येथील मुलेमुली पहाटेच्या गाडीने उत्तरेस किंवा दक्षिणेस जातात आणि कोणत्या तरी कारखान्याच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता-नियंत्रण, विभागात, एचपीएलसीच्या यंत्रासमोर, उमेदीची वर्षे घालवतात. तेव्हा एका वेळी एक नमुना तपासण्याऐवजी शेकडो किंवा हजारो नमुने झपाट्याने तपासणारी जी तंत्रे प्रयोगशाळेतील मंडळी सरसकट ‘हाय-थ्रूपुट’ म्हणून ओळखतात, त्यांनी औषधसंशोधनाला नेमके काय दिले, काय त्यांना देता आले नाही, आणि जे देता येण्यासारखे आहे ते आपल्या मुलखाच्या पदरात अद्याप का पडलेले नाही, हा प्रश्न या भागातील वाचकाच्या दारातलाच आहे.

औषधी द्रव्यांचे परीक्षण या किनाऱ्याला नवे नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला, त्याच वर्षी वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली, आणि पुढे वसई प्रांतात मोडणारे मुंबई बेट त्याला पट्ट्याने मिळाले. १५६३ मध्ये गोव्यात छापून निघालेल्या त्याच्या ग्रंथात हिंग, धोतरा, भांग अशा एकेका द्रव्याचा विचार संवादरूपाने केलेला आहे. आणि ग्रंथप्रामाण्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या व येथील वैद्य-हकिमांकडून विचारून घेतलेल्या माहितीला त्याने जे स्थान दिले, त्यामुळे त्या ग्रंथाचे मोल आजही कमी झालेले नाही. एक द्रव्य, एक परीक्षक आणि भरपूर वेळ, अशी ही पद्धत पुढे साडेतीनशे वर्षे मुळातून फारशी बदलली नाही. बदलली ती एवढीच, की विसाव्या शतकात द्रव्यांच्या याद्या लांबल्या आणि परीक्षकांची मंडळे झाली.

या मंडळांनी महाराष्ट्रात केलेले काम आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहे, म्हणून त्याचा तपशील थोडा विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये थिरुमलाचार व त्यांचे सहकारी मातीतील सूक्ष्मजंतूंची छाननी करीत होते. एकेक जंतू वेगळा करून वाढवायचा, त्याचा अर्क रोगकारक बुरशीच्या थरावर ठेवायचा आणि भोवती स्वच्छ वर्तुळ उमटते का ते पाहायचे, असा हा दीर्घ उद्योग. त्यातून १९६० च्या सुमारास हामायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक हाती आले, आणि ते देणाऱ्या जंतूच्या शास्त्रीय नावात ‘पिम्प्रिना’ या रूपाने पिंपरी गाव कायमचे नोंदले गेले. मुलुंड येथील होएक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात आयुर्वेदोक्त वनस्पतींच्या अर्कांचा रक्तदाबावर व हृदयावर काय परिणाम होतो हे क्रमाने तपासताना कोलियस फोर्स्कोहली या वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन मिळाले. ते पेशीतील अॅडेनिलिल सायक्लेज या विकराला थेट चेतवते असे १९८१ मध्ये निदर्शनास येताच जगभरच्या जीवरसायनशास्त्रज्ञांच्या फडताळात त्याची बाटली जाऊन बसली, आणि त्याच्यापासून घडवलेले एक औषध पुढे जपानमध्ये हृदयविकारावर वापरात आले.

गोरेगावची गोष्ट याहून बोधप्रद आहे. तेथील सिबा संशोधन केंद्राचे संचालक टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये असे प्रसिद्ध केले, की सह्याद्रीतील ज्या झाडाला आपल्याकडे नरक्या म्हणतात, त्यात कॅम्प्टोथेसिन हा अल्कलॉइड आहे. हे द्रव्य सहा वर्षांपूर्वीच अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी वृक्षातून वेगळे केले होते. आणि त्याच्यापासून घडवलेली टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही कर्करोगावरील औषधे १९९६ मध्ये मान्य झाल्यावर कच्च्या मालाची जी मागणी उसळली, तिच्यापायी सिंधुदुर्गापासून सातारा-कोल्हापूरपर्यंतच्या रानांतील नरक्याची बेसुमार तोड झाली. झाडाझाडांत आणि प्रदेशाप्रदेशांत या अल्कलॉइडाच्या प्रमाणाची तफावत फार मोठी असते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांनी पुढे निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांचे पृथक्करण करून ती दाखवून दिली. पण तोपर्यंत कोणते झाड राखावे, कोणाची लागवड करावी याचा काहीही निवाडा न होता कुऱ्हाड सरसकट चालली होती. शोध लावण्यासाठी येथे वेगाची गरज पडली नव्हती. शोधाचा विनियोग शहाणपणाने करण्यासाठी मात्र ती होती, आणि नेमका तेथेच वेग उपलब्ध नव्हता. या विषयाचा विचार करताना मी वारंवार याच उदाहरणाकडे परत येतो, कारण वेगवान परीक्षणाचे खरे क्षेत्र कोणते याची दिशा त्यात स्पष्ट दिसते.

या वेगाचे साधन मात्र अगदी साधे होते. हंगेरीत इन्फ्लुएन्झाच्या तपासणीचा भार वाढलेला असताना ग्युला ताकाची या वैद्याने १९५१ मध्ये पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यात ओळीने खळगे कोरून एक तबकडी केली. तिच्यातूनच पुढे आलेल्या, आठ ओळी व बारा रकान्यांत शहाण्णव खळगे असलेल्या आणि सुमारे ८५ मिलिमीटर रुंद व १२८ मिलिमीटर लांब अशा ठरीव मापाच्या तबकडीवर सगळ्या जगातील प्रयोगशाळांची यांत्रिक व्यवस्था उभी राहिली, कारण माप एक झाल्याबरोबर कोणत्याही कारखान्याचा यांत्रिक हात कोणत्याही कारखान्याची तबकडी उचलू लागला. त्याच मापात शहाण्णवाचे ३८४ आणि ३८४ चे १५३६ खळगे झाले. शे-दोनशे मायक्रोलिटर द्रावणाच्या जागी पाच-दहा मायक्रोलिटर पुरू लागले. आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या कंपन्या दिवसाकाठी लाखभर संयुगे एखाद्या प्रथिनावर आजमावून पाहण्याच्या गोष्टी करू लागल्या. तिकडे संयुगे बनवण्याच्या कलेतही संचयी रसायनशास्त्राने तशीच उलथापालथ घडवली, आणि एकेक रेणू महिनोन्महिने घडवणाऱ्या रसायनज्ञाच्या जागी हजारोंनी रेणू प्रसवणारी व्यवस्था आली. औषधशोध ही आता केवळ संख्येची बाब उरली, अशी त्या काळच्या व्यवस्थापकांची मनोमन खात्री झाली होती.

ती खात्री टिकली नाही. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपनीच्या संशोधकांनी २००७ मध्ये आपल्या अनुभवाचा जो हिशेब प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला, तो या क्षेत्रातील अत्यंत मोलाच्या दस्तऐवजांपैकी एक आहे असे मी समजतो. १९९५ ते २००१ या काळात जंतुनाशक औषधांच्या शोधार्थ त्यांनी सत्तर मोहिमा काढल्या, त्यांतील बहुतेक जंतूच्या एखाद्या निवडक प्रथिनावर, प्रत्येकीस सुमारे दहा लाख डॉलर खर्च आला, आणि पुढे नेण्याजोगी संयुगे मिळाली ती अवघी पाच. शुद्ध प्रथिनाशी नळीत बिलगणारा रेणू जंतूच्या भिंतीतून आत शिरेलच असे नाही, शिरला तर जंतू त्याला बाहेर ढकलणार नाही असे नाही, आणि कंपन्यांच्या संग्रहातील रेणू मुळात मानवी रोगांच्या औषधांसाठी घडवलेले असल्याने जंतूला लागणारे गुणधर्म त्यांच्यात विरळाच. याच्या उलट, क्षयाच्या जंतूचा निरुपद्रवी भाऊबंद संपूर्ण, जिवंत अवस्थेत घेऊन त्याच्यावर संयुगे आजमावण्याचा जुना मार्ग नव्या वेगाने चोखाळला गेला, तेव्हा बेडाक्विलिन मिळाले. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले हे औषध आज बहुऔषध-प्रतिरोधी क्षयाच्या उपचारात अग्रस्थानी आहे, आणि मुंबई व तिच्या उत्तरेकडील दाट वस्तीत त्याचे मोल काय आहे हे सांगावयास नको. या औषधावरील दुय्यम पेटंटाचा अर्ज २०२३ मध्ये भारतात फेटाळला गेला, त्यासाठी हरकत नोंदवणाऱ्यांत क्षयातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन होत्या. तंत्र दोन्हीकडे वेगवान होते; फरक पडला तो जंतूपुढे ठेवलेल्या प्रश्नामुळे.

वेगवान परीक्षणाला आणखी एक खोड आहे, आणि तिचा अत्यंत परिचित नमुना आपल्या स्वयंपाकघरात आहे. हळदीने जखम भरते यावरील अमेरिकन पेटंट रद्द व्हावे म्हणून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली दिलेला आणि १९९७ मध्ये जिंकलेला लढा मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण हळदीतील पिवळे द्रव्य, कर्क्युमिन, तबकडीतील परीक्षणात घातले म्हणजे काय होते हे तितकेसे ठाऊक नाही. ते स्वतःच प्रकाश फेकते, म्हणून ज्या परीक्षणात प्रकाशाची वाढ हेच परिणामाचे चिन्ह मानलेले असते तेथे ते खोटी साक्ष देते. ते प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी रासायनिक झटापट करते, पेशीपटलात गडबड उडवते, आणि साध्या द्रावणात काही मिनिटांत विघटन पावते. परिणामी जवळजवळ प्रत्येक प्रथिनावर ते प्रभावी ठरते. अशा सर्वत्र होकार देणाऱ्या संयुगांची एक यादीच बेल आणि होलोवे यांनी २०१० मध्ये तयार केली, आणि २०१७ मध्ये कर्क्युमिनच्या संशोधनाचा जो कठोर आढावा निघाला, त्याने तोवर प्रसिद्ध झालेल्या हजारो निबंधांच्या निष्कर्षांवर प्रश्नचिन्ह उभे केले. हळदीच्या परंपरागत उपयोगांना यामुळे बाध येतो असे मी मानत नाही. परंतु आपल्या वनौषधींचा कैवार घेणाऱ्यांनी यंत्राने दिलेला प्रत्येक होकार शास्त्राचा शिक्का म्हणून मिरवू नये, त्याची दुसऱ्या, वेगळ्या तत्त्वावरील पद्धतीने रुजुवात घ्यावी, हे मात्र ठासून सांगितले पाहिजे.

येथवर शोधाची बाजू झाली. पालघर जिल्ह्यातील हजारो माणसे ज्या कामावर पोट भरतात, ते दुसऱ्या बाजूचे आहे: जे द्रव्य हाती आहे ते काय आहे, किती आहे, आणि त्यात दुसरे काय मिसळले आहे हे ठरवणे. या कामाचा कणा म्हणजे वर्णलेखन. द्रवरूप वर्णलेखनाच्या, म्हणजे एचपीएलसीच्या, जुन्या पद्धतीत एका नमुन्याला अर्धा तास लागत असेल, तर यंत्र रात्रंदिवस चालूनही दिवसाला अठ्ठेचाळीस नमुन्यांपुढे जाता येत नाही. कॉलममधील कण पाच मायक्रॉनांवरून दोनच्या खाली आणले आणि त्यासाठी लागणारा हजार बारपर्यंतचा दाब पेलणारी यंत्रे २००४ पासून बाजारात आली, तेव्हा तेच काम तीन-चार मिनिटांत होऊ लागले. वर्णलेखनाला पूर्ण फाटा देऊन, ध्वनिलहरींच्या धक्क्याने तबकडीतील काही नॅनोलिटरांचा थेंब उडवून सरळ मास स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडी देणारी जी यंत्रे अलीकडे निघाली आहेत, त्यांना एका नमुन्याला सेकंदभरही पुरतो. उलटपक्षी सूक्ष्म थर-वर्णलेखन, ज्याला प्रयोगशाळांत एचपीटीएलसी म्हणतात, ते या शर्यतीत न उतरताच वेगवान आहे, कारण एकाच काचपट्टीवर पंधरा-वीस नमुने शेजारीशेजारी एकदम चढतात आणि अस्सल द्रव्य व भेसळीचे द्रव्य यांची तुलना डोळ्यांदेखत होते. वनौषधींच्या परीक्षणात या तंत्राला जो मान मिळाला आहे तो सर्वस्वी रास्त आहे, आणि लहान कारखान्यांनी एक महागडे यंत्र घेण्यापूर्वी याचा विचार करावा असे माझे मत आहे.

परंतु क्यूसीतील कोणत्याही अनुभवी विश्लेषकाला विचारा, तो सांगेल की दिवस यंत्रात जात नाही. जातो तो नमुना तोलण्यात, विरघळवण्यात, सोनिकेटरमध्ये ठेवण्यात, गाळण्यात आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्यात. स्टँडर्ड बनवायचे, सिस्टम सूटेबिलिटी उतरली की पुढे जायचे, आणि शेवटी पीक कोठून कोठवर मोजला याची नोंद करून ती दुसऱ्याकडून तपासून घ्यायची. यंत्र दहापट वेगवान झाले म्हणजे ही रांग दहापट लांबते. त्यामुळे गेल्या वीस वर्षांतील खरी क्रांती मला नमुना तयार करण्याच्या कृतीत दिसते. २००३ मध्ये अनास्तासियादेस, लीहोटाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली ‘क्वेचर्स’ नावाची कृती याचे उत्तम उदाहरण आहे: वाटलेली भाजी किंवा फळ, थोडे अॅसिटोनायट्राइल, दोन प्रकारचे क्षार, एक जोरदार हलवणी आणि एक फिरकी, एवढ्यावर शेकडो कीटकनाशकांच्या अवशेषांची मोजदाद एकाच फेरीत होते. महाराष्ट्रातील निर्यातक्षम द्राक्षांची तपासणी मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अशाच बहु-अवशेष पद्धतींनी होऊ लागली आणि तिने युरोपातील बाजारपेठ राखली. तरीही २०१० मध्ये वेलींची वाढ रोखण्यासाठी फवारले जाणारे क्लोरमेक्वाट हे द्रव्य युरोपातील तपासणीत मर्यादेपेक्षा अधिक सापडले, कंटेनर अडकले आणि बागायतदारांचे अतोनात नुकसान झाले. ते द्रव्य आपल्या तपासणीच्या यादीत नव्हते. शिवाय ते विद्युत्भारित असल्यामुळे सर्वसाधारण बहु-अवशेष पद्धतीत नीट उतरत नाही, त्याला स्वतंत्र पद्धत लागते. शेकडो नावांची यादी निर्दोष निघाली म्हणजे माल निर्दोष ठरत नाही, हा धडा नाशिकच्या बागायतदाराने फार मोठी किंमत देऊन घेतला.

आता ज्या बाबीत वेगाचा प्रश्न प्रत्यक्ष जीवन-मरणाचा आहे तिच्याकडे वळतो. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे औद्योगिक द्रव्य होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून परीक्षणापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावरील हलगर्जीपणाचे व भ्रष्टाचाराचे दप्तरच उघडे केले. हे विष तेव्हाही अपरिचित नव्हते. अमेरिकेत १९३७ मध्ये त्याने शंभरांहून अधिक बळी घेतले होते आणि तेथील औषध कायदा त्यामुळेच कडक झाला होता. तरीही २०२२ मध्ये गांबियात भारतीय बनावटीच्या खोकल्याच्या औषधांशी निगडित साठाहून अधिक बालकांचे मृत्यू झाले. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील मुले तशाच एका सिरपमुळे आजारी पडून नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली, त्यांतील अनेक वाचली नाहीत. त्या सिरपच्या तपासलेल्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले, जेथे मान्य मर्यादा ०.१० टक्का आहे.

अठ्ठेचाळीस टक्के विष ओळखण्यास कोणतेही अद्ययावत यंत्र लागत नाही. थर-वर्णलेखनाची एक पट्टी, योग्य द्रावक आणि तासाभराचा अवधी पुरतो. म्हणजे उणीव तंत्राची नव्हती. उणीव होती ती प्रत्येक पिंप, प्रत्येक वेळी, न चुकता तपासण्याच्या शिस्तीची. आणि या ठिकाणी वेगवान तंत्राचा उपयोग मला निःसंशय वाटतो, कारण जे काम तासाचे आहे ते माणूस टाळतो, मिनिटाचे आहे ते टाळण्यास सबब उरत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलेल्या प्रकाशविकिरणाच्या तत्त्वावर चालणारे, हातात धरण्याजोगे यंत्र आज पारदर्शक पिशवीच्या किंवा बाटलीच्या बाहेरूनच आतील द्रव्याची ओळख काही सेकंदांत पटवते, आणि गोदामातील शंभर पिंपे सकाळभरात तपासून होतात. एक टक्क्याच्या दशांशापर्यंतची भेसळ पकडण्याइतकी त्याची नजर बारीक नाही, त्यासाठी वायु-वर्णलेखनच हवे. पण ग्लिसरीन म्हणून दुसरेच काही आलेले असेल तर ते दारातच अडवता येते. निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना १ जून २०२३ पासून सरकारी प्रयोगशाळेच्या दाखल्याची अट घातली गेली. देशातल्या मुलांसाठीच्या औषधाला तीच अट त्याच दिवसापासून का लागू झाली नाही, हा प्रश्न छिंदवाड्यानंतर प्रत्येक नागरिकाने विचारला पाहिजे असे मला कळकळीने वाटते.

अतिसूक्ष्म मोजमापाचीही एक कथा येथे नोंदली पाहिजे. जुलै २०१८ मध्ये रक्तदाबावरील व्हल्सार्टन या औषधात एनडीएमए हे कर्करोगकारक द्रव्य सापडले, आणि रोजची मान्य मर्यादा ९६ नॅनोग्रॅम ठरल्यामुळे ग्रॅमचा अब्जांश भाग मोजण्याची पाळी सामान्य कारखान्यांवर आली. बोईसर-तारापूरच्या औषधरसायन कारखान्यांत आणि त्यांची कामे घेणाऱ्या खासगी प्रयोगशाळांत एलसी-एमएस, म्हणजे द्रवरूप वर्णलेखन व मास स्पेक्ट्रोमीटर यांची जोड असलेल्या, यंत्रांची निकड भासू लागली ती प्रामुख्याने या घटनेनंतर. पुढच्याच वर्षी आम्लपित्तावरील रॅनिटिडीनवर आळ आला. एका अमेरिकी प्रयोगशाळेने गोळीत तीस लाख नॅनोग्रॅम एनडीएमए दाखवले. पण तिच्या पद्धतीत नमुना १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला जात होता आणि त्या उष्णतेने औषधच मोडून ते द्रव्य यंत्रातच तयार होत होते. न तापवता मोजल्यावर आकडे कितीतरी खाली आले. तथापि रॅनिटिडीन साठवणीतही हळूहळू तेच द्रव्य देते असे सिद्ध झाल्याने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढून घेण्यास सांगण्यात आले. परीक्षणाची कृतीच पुरावा निर्माण करू शकते, ही गोष्ट त्यामुळे प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेरही पोचली. आणि पुरावा नष्टही करता येतो: अधिकृत इंजेक्शनपूर्वी ‘ट्रायल इंजेक्शन’ घेऊन निकाल पसंत पडला तरच नोंद ठेवण्याची जी रीत परदेशी निरीक्षकांनी अनेक भारतीय कारखान्यांत पकडली, ती वेगवान यंत्राने अधिकच सोपी होते. यावर संगणकीय नोंदीचा बंदोबस्त आवश्यक आहेच. पण नापास निकाल घेऊन आलेल्या तरुण विश्लेषकाला वरिष्ठांनी शांतपणे ऐकून घेणे त्याहून आवश्यक आहे.

राहिला समुद्र. तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी सामूहिक प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या समुद्रात सोडले जाते, आणि मुरबे, दांडी, उच्छेळी, नवापूर या बाजूच्या मच्छीमारांची तक्रार त्यांच्या समाजाच्या परिषदेमार्फत राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. अशा वादांत जी मोजमापे पुढे येतात ती बहुधा सीओडी, बीओडी अशी समुच्चयाची असतात: पाण्यात सेंद्रिय द्रव्य एकंदर किती एवढे त्यांतून कळते, कोणते ते कळत नाही. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे स्वीडिश संशोधकांनी केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नावनिशीवार मोजणीत प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला २८ ते ३१ मिलिग्रॅम आढळले, आणि सगळ्या जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. समुच्चयाच्या आकड्याने ते कधीच वेधले गेले नसते. उच्च-विभेदनक्षम मास स्पेक्ट्रोमीटर आज पाण्याच्या एका नमुन्यातून, आधी यादी न ठरवता, शेकडो द्रव्यांच्या खुणा टिपून ठेवतो, आणि आज न ओळखलेली खूण पाच वर्षांनी पुन्हा दप्तर उघडून ओळखता येते. द्राक्षांच्या प्रकरणात यादीबाहेरच्या द्रव्याने जो घात केला, त्यावर उतारा असेल तर तो याच पद्धतीत आहे. वेगवान विश्लेषणाची ही सामग्री औषधाच्या नफ्यापायी विकसित झाली. ज्या किनाऱ्याने त्या उद्योगाचा भार सोसला त्याच्या पाण्यासाठी ती वापरणे हे न्यायाचे आहे.

या सगळ्या कामांसाठी वसई-विरार ते बोईसर या पट्ट्यात एक सामाईक विश्लेषण-प्रयोगशाळा व्हावी असे मला वाटते. विरार व पालघर येथील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत शिकणारी मुले आहेत, वसईच्या गाळ्यांत यंत्रे दुरुस्त करू शकणारे हात आहेत, आणि एकट्याने मास स्पेक्ट्रोमीटर घेणे न परवडणारे लहान उद्योजक तर पुष्कळ आहेत. यंत्र घेणे हा खर्चाचा लहान भाग होय. नायट्रोजनचा अखंड पुरवठा, खंडित न होणारी वीज, देखभालीचा वार्षिक करार आणि २००८-०९ मध्ये जगभर तुटवडा पडला होता त्या अॅसिटोनायट्राइलसारख्या द्रावकांचा साठा, यांची तजवीज पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात असावयास हवी. पहिल्या वर्षाचे काम तीन बाबींपुरते मर्यादित ठेवावे: लहान औषधनिर्मात्यांकडे येणाऱ्या ग्लिसरीन व प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या प्रत्येक पिंपाची तपासणी, वसईहून मुंबईस जाणाऱ्या पालेभाज्यांतील व विड्याच्या पानांतील अवशेषांची मोजदाद, आणि नवापूर ते मुरबे किनाऱ्यावरील पाण्याचे दरमहा नमुने. निकालांची नोंदवही, नापास निकालांसह, जिल्हा परिषदेच्या कचेरीत कोणालाही पाहता यावी. आणि प्रत्येक नमुन्याचा राखीव अर्धा भाग मोहरबंद करून, वादाच्या प्रसंगी दुसऱ्या प्रयोगशाळेकडे फेरतपासणीस पाठवता येईल अशा रीतीने, ठरावीक मुदतीपर्यंत शीतकपाटात जपून ठेवावा.